मार्चातल्या कानटोप्या

होळी होऊन गेली. अंगावरचे रंग निघाले, पंखे लागले, तेलीबागच्या नाक्यावर कुल्फीची गाडी आली. तरी जगदाळ्यांच्या घरातल्या कानटोप्या काही निघाल्या नाहीत.

लखनौच्या थंडीत कानटोपी घालण्यात विशेष काही नाही. जानेवारीत इथे चौकातले पुतळेसुद्धा मफलर मागतील. पण मार्चात, पंख्याखाली, घामाघूम होऊन तीन शहाणीसुरती माणसं कानांवर लोकर ओढून पोहे खाताना दिसली, की समोरच्याला काहीतरी विचारावंसं वाटतंच. नेत्राने विचारून पाहिलं होतं. आई म्हणाली, "सर्दी आहे." अमोघदादा म्हणाला, "फॅशन आहे यार." लतिका आत्या म्हणाली, "तू फार विचार करू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी नेत्राबद्दल पुष्कळ काही सांगितलं होतं. फक्त ते डॉक्टर नेत्राने कधी पाहिले नव्हते.

झालं होतं असं, की अठरा वर्षांच्या नेत्राच्या डोक्यातून अख्खी थंडी गेली होती. शेवटचं आठवायचं ते धुकं. फाटकात ई-रिक्षा उभी आहे, आजी मफलर गुंडाळत आत बसते आहे, दादाच्या येऊ घातलेल्या बाळासाठी अमीनाबादहून मलमल आणायला निघाली आहे. आणि त्यानंतर एकदम गरगरणारा पंखा. मधे काही नाही. गोधडीतला एक तुकडा उसवून काढावा आणि उरलेल्या कडा एकमेकींना शिवून टाकाव्यात, तसं.

"मला झालं काय?" या प्रश्नाला घरात तीन उत्तरं होती. आईच्या मते ती रायबरेली रोडवर स्कूटीवरून पडली. दादाच्या मते बाथरूममध्ये घसरली. बाबा हवाई दलात, नेमणूक जोरहाटला. त्यांनी फोनवर जिन्याचं नाव घेतलं. एकाच मुलीला एकाच दिवशी तीन अपघात व्हावेत आणि अंगावर ओरखडा नसावा, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला अभिमानाची होती. जुना फोन तिन्ही अपघातांत फुटला होता आणि नव्या फोनमध्ये जुना एकही मेसेज नव्हता. आजी कुठे आहे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: पुण्याला, बहिणीकडे.

जगदाळ्यांचं ज्या गोष्टीवर एकमत होतं ती खोटी असते, हे नेत्राला लहानपणापासून ठाऊक होतं.

आज बारसं होतं. शर्मिष्ठा वहिनी कानपूरच्या माहेरून लेकीला घेऊन सकाळी आली. तिने दारातच थबकून सासू, नवरा आणि आत्येसासू यांच्या डोक्यांकडे पाहिलं.

"मम्मीजी, यहाँ बर्फ गिरी है क्या?"

"हवा है, बेटा," आई टोपीखालचा घाम पुसत म्हणाली.

टोपी नव्हती ती नेत्राला आणि आबांना. निवृत्त सुभेदार मेजर आत्माराम जगदाळे त्या वेळी हॉलमध्ये स्टुलावर उभे राहून छताच्या कड्यात पाळण्याची साखळी अडकवत होते. नेत्राने स्टूल धरलं होतं.

"मधोमध आहे ना?"

"अगदी मधोमध, आबा."

"लतिका म्हणत होती, भिंतीला लावा. पाळणा म्हणजे काय कॅलेंडर आहे?" त्यांनी साखळीला लोंबकळून तिची परीक्षा घेतली. "तुझी आजी यायच्या आत झालं पाहिजे. नाहीतर येईल आणि सगळं उतरवायला लावेल. अमीनाबादला गेली की हिला वेळेचं भान राहत नाही. मी जाणार होतो बरोबर. पण मॅच होती."

आबांचं हे रोजचं होतं. घरच्यांनी नेत्राला सांगून ठेवलं होतं, वय झालंय त्यांचं, आजी पुण्याला गेलीय ते लक्षात राहत नाही. आपण हो म्हणायचं. नेत्रा रोज हो म्हणायची. आज कसं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "आबा, काल पण तुम्ही हेच म्हणालात."

"काल कुठलं? आत्ता दुपारी तर गेली ती. एवढं धुकं पडलं होतं..."

दोघांनी एकदम वर पाहिलं. पंखा चारवर होता.

आबा स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "नेत्रे, एक विचारू? घरात बोलू नकोस. मला सकाळी उठलं की वाईट वाटतं."

"कशाचं?"

"तेच तर सापडत नाही. डोळ्यांतून पाणी येतं आणि त्याच्या मागे कारणच नाही. पलटणीत असं कधी झालं नाही. तिथे रडायची परवानगी नव्हती, पण कारणं भरपूर होती."

"मला पण तसंच होतं, आबा."

"हो?" आबांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. आजारी माणसाला शेजारच्या खाटेवर ओळखीचं कोणी भेटावं तसं. "बरं, जा. हिच्या लोकरीच्या टोपलीत बाळाचं टोपरं असेल, ते घेऊन ये."

टोपली हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दिवाणाखाली होती. टोपरं पिवळं होतं, अर्धं होतं, आणि सुया त्यात तशाच खोचलेल्या होत्या. नेत्रा ते हातात घेऊन तिथेच फरशीवर बसली. घरात जेवढ्या कानटोप्या होत्या, सगळ्या आजीने विणलेल्या. हनुवटीखाली नाडी आणि नाडीला गोंडे. आजी सुया घेतल्याशिवाय दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा जात नसे. ती पुण्याला गेली आणि सुया इथे?

दिवाणाच्या वर भिंतीत एक नवा खिळा होता. खिळ्याला काही टांगलेलं नव्हतं. त्याच्या डोक्याजवळ झेंडूची एक वाळलेली पाकळी तेवढी चिकटली होती.

नेत्रा गॅलरीत गेली आणि तिने आजीचा नंबर लावला. याआधीही लावला होता, पण तो बंद असे. आज वाजला. आणि मागे, हॉलमध्ये, कोंबडा आरवला.

आजीच्या फोनला कोंबड्याची बांग दादाने गंमत म्हणून लावून दिली होती. आजीला ती बदलता येत नसल्यामुळे सबंध कॉलनी गेली तीन वर्षं वेळीअवेळी उजाडत असे. नेत्रा आत आली. कोंबडा लतिका आत्याच्या पर्समध्ये होता. आत्या पर्सवर हात ठेवून, काही ऐकू न आल्यासारखी, फुलांच्या माळा सोडवत होती. बँकेत मोठ्या हुद्द्यावर काम केलेल्या माणसाला हे जमतं.

"आत्या, तुझी पर्स आरवतेय."

"अं? हां. आईचा फोन. विसरून गेली ती पुण्याला जाताना."

"आणि तू तो चार्ज करतेस?"

"ग्रुपवरचे फोटो हवे होते मला. बारशात दाखवायला." आत्याने कोंबड्याची मान पर्समध्ये हात घालूनच मुरगळली. "नेत्रा, डॉक्टरांनी—"

"कुठल्या डॉक्टरांनी? नाव सांग."

आत्याने आईकडे पाहिलं. आईने पाळण्याकडे पाहिलं. हॉलमध्ये घुगऱ्यांचा वास आणि लोकरीचा वास एकत्र झाले होते.

आबांनी टाळी वाजवली. "बस झालं. पाहुणे येतील. कानात नाव नेत्रा सांगणार, बरोबर?"

"मी सांगते, बाबा," आत्या झटकन म्हणाली.

"तू अमोघची आत्या. बाळाची आत्या नेत्रा. कायदा आहे."

"हाँ बुआजी, बुआ तो नेत्रा ही है ना," शर्मिष्ठा बाळाला थोपटत म्हणाली. "मैंने तो माँ को भी बोल रखा है, मेरी ननद नाम रखेगी."

"तिला धक्का चालणार नाही, शर्मिष्ठा," आत्या म्हणाली. " 'कुर्र' म्हटलं की सगळे आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्यात पद्धत आहे. डोक्याला मार बसलेल्या मुलीला..."

"मग धपाटे नका घालू," नेत्रा म्हणाली.

"तसं कसं?" आबा म्हणाले. "धपाट्याशिवाय बारसं म्हणजे गोळीबाराशिवाय परेड."

"म्हणूनच मी सांगते नाव," आत्या म्हणाली. "आणि मलाही कोणी मारायचं नाही. माझी पाठ धरलीय." तिने साडीवरून कमरेला बांधलेला पट्टा दाखवला. काल संध्याकाळपर्यंत तिची पाठ ठणठणीत होती.

आई नेत्राची नजर चुकवत म्हणाली, "ताई म्हणतात ते ऐक बाळा." आईने 'बाळा' म्हटलं की समजावं, आई दुसऱ्याच्या बाजूला गेली.

नेत्राने स्वयंपाकघरात दादाला गाठलं. तो घुगऱ्यांवर खोबरं भुरभुरत होता. ती जवळ आली तसा तो ओट्याला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने टोपीच्या नाड्या आवळल्या. तेव्हा कुठे नेत्राच्या लक्षात आलं. इतके दिवस ती टोप्या पाहत होती. कान पाहत नव्हती. घरात कोणी तिच्या जवळ कान आणत नव्हतं. आई तिला मिठी मारायची तीसुद्धा हनुवटी छताकडे करून.

नेत्रा आणखी एक पाऊल पुढे गेली. "दादा, तुझ्या कानात एक सांगायचंय."

"नेत्रा, नहीं." त्याने हातातली वाटी कानाला लावली. "मजाक नहीं कर रहा मैं. दूर रह."

"काय होईल? सांग. नाहीतर टोपी ओढते."

दादा घाबरला की हिंदीत जायचा आणि फार घाबरला की मराठीत परत यायचा. तो आता मराठीत परत आला.

"आपल्या घरातल्या आत्यांना ते असतं," तो कुजबुजला. "'कुर्र' करून कानात जे सांगाल ते लागू होतं. नाव सांगितलं तर चिकटतं. विसर म्हटलं तर माणूस विसरतो. लहान बाळाला विसरायला काही नसतं, म्हणून बारसं सुरक्षित. बाकी कुणाच्या कानात 'कुर्र' करायचं नाही, असा घरात नियम आहे. लतिका आत्याला बघायला आलेला तो सीतापूरचा मुलगा आठवतो? परत जाताना स्वतःचं आडनाव विसरला होता."

"ती गोष्ट आहे ना? गंमत म्हणून सांगतात ती?"

"आपल्याकडे खऱ्या गोष्टीच गंमत म्हणून सांगतात, यार."

फ्रिज घरघरला. नेत्राला वाटलं की आपण हसायला हवं. हसू आलं नाही. "माझी थंडी... आत्याने काढली?"

दादाने मान डोलावली.

"आणि तुम्ही टोप्या का घातल्यात? माझी भीती कसली?" विचारता विचारता उत्तर तिच्यापर्यंत आलं. बाळाची आत्या ती होती, बाळ पोटात असल्यापासून. "मी कोणाचं काही काढलंय?"

"आबांचं."

"काय?"

"वो मैं नहीं बोलूँगा." दादाचे डोळे भरून आले होते, कांदा तर कुठे चिरलेला दिसत नव्हता. "बोलून येत नाही ते. सांगितलं तर नुसती बातमी होते. ते परत यायचा एकच रस्ता आहे. आत्याने 'कुर्र' केलं आणि लगेच तिच्या पाठीत धपाटा बसला, की तिने जेवढं काढलेलं असतं ते ज्याचं त्याला परत जातं. धपाटे त्याच्यासाठीच असतात. लोकांना वाटतं, खेळ आहे." त्याने वाटी खाली ठेवली. "पण नेत्रा, सोच ले. परत आलं की दुखेल. मी आणि आई आणि बाबा, आम्ही... आम्ही सगळे हो म्हणालो होतो."

"कशाला हो?"

"घुगऱ्या थंड होतायत," असं म्हणून दादा पातेलं घेऊन निघून गेला.

कॉलनीतल्या बायका आल्या. वरवंट्याला झबलं घालून तो पाळण्यात निजवून झाला. डब्याला टेकवलेल्या फोनवर जोरहाटहून बाबा आले. त्यांनीही कानटोपी घातली होती. फोनवरून लागू होतं की नाही, हे कोणी तपासलेलं नव्हतं.

त्रिपाठी आंटींनी बाळाच्या गालाला हात लावून बोटं ओठांना लावली आणि गहिवरून म्हणाल्या, "भगवान की लीला है. एक गईं, एक आई. माताजी ही लौटी हैं."

"आंटी, चना लीजिए," म्हणत लतिका आत्याने चमचाभर घुगऱ्या त्यांच्या तोंडात घातल्या.

"कौन गईं?" आबा सोफ्यावरून म्हणाले.

"त्रिपाठीजींच्या सासूबाई, आबा," आई घाईने म्हणाली. "बरेलीच्या."

"हमारी?" आंटींनी घुगऱ्या गिळल्या. "राम राम, वो तो घर पे बैठी सीरियल देख रही हैं!"

खोलीत हशा पिकला. आबा हसले नाहीत. ते भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होते. नेत्राही तिकडेच बघत होती. एक गईं. शब्द कळत होते. पण ते दुसऱ्याच्या घरातल्या सामानासारखे होते. ओळखीचे, आणि आपले नव्हेत. दादा म्हणाला ते खरं होतं, ही नुसती बातमी होती. तिच्यामागे आजी नव्हती.

"चला, नाव घेऊ," लतिका आत्या म्हणाली.

तिने सगळी खबरदारी घेतली होती. पट्टा होता, टोपी होती, मागे आईला उभी केली होती. पाळणा भिंतीला असता तर ती पाठ भिंतीला लावून बसणार होती. पण आबांनी पाळणा मधोमध टांगला होता, आणि पाळण्यातल्या बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं तर माणसाला वाकावं लागतं. माणूस वाकला की पाठ वर येते. त्यावर कुठल्याही बँकेत उपाय नाही.

आत्या वाकली. नेत्रा आईसमोर येऊन उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि आई एक पाऊल बाजूला सरकली.

"कुर्रर्रर्र—" लतिका आत्या म्हणाली.

नेत्राने हात उचलला आणि पट्ट्याच्या वर, दोन खांद्यांच्या मधोमध, सणसणीत धपाटा घातला.

आणि थंडी परत आली.

पायांकडून आली. दात वाजायला लागले. आजीच्या फोनवरून आलेला अनोळखी आवाज, "ये अम्मा किसकी हैं? दुकान के आगे बैठ गईं, उठ नहीं रहीं." दवाखान्याच्या पोर्चमधलं धुकं. आबांच्या हातात टीव्हीचा रिमोट, तो त्यांनी घरापासून तिथपर्यंत तसाच आणलेला. खिळ्यावरचा फोटो, हार. मग आबांचं न जेवणं, भिंतीकडे तोंड करून एकच वाक्य म्हणत राहणं, मॅच होती म्हणून गेलो नाही, मॅच होती म्हणून. एक दिवस ते तिला म्हणाले, "नेत्रे, हे काढून घ्या गं कोणीतरी." आणि तिने, त्यांना जरा हसवावं म्हणून, बारशातल्यासारखं त्यांच्या कानाशी तोंड नेलं: कुर्र, विसरा आबा. आबा वळले. तोंड धुतल्यासारखा चेहरा. म्हणाले, "चहा टाक. आजी येईलच एवढ्यात."

मग घराने फोटो उतरवला. मग ती याच हॉलमध्ये ओरडत होती, माझ्या पाठीत मारा कोणीतरी, त्यांना परत द्यायचंय मला. उभी असलेली माणसं, आणि कोणाचा हात उचलला जात नव्हता. आणि लतिका आत्या जवळ आली होती, तिचे केस मागे सारत, किती मायेने.

नेत्रा पाळण्याची साखळी धरून उभी होती. बायकांना वाटलं, पोरगी हसतेय; त्यांनीही आत्याला दोनचार धपाटे घातले. मग त्यांनी नेत्राचं तोंड पाहिलं आणि त्या एकेक करून चपला शोधायला लागल्या. तेलीबागच्या बायकांना कुठे थांबायचं ते कळतं, दाराबाहेर.

"तू माझी आजी काढून घेतलीस," नेत्रा म्हणाली.

लतिका आत्या सरळ झाली. ती अपराधी दिसत नव्हती, दमलेली दिसत होती. "माझे बाबा जेवत नव्हते, नेत्रा. आता दोन वेळा जेवतात. आई मला परत आणता येत नव्हती. बाबा आणता आले."

"आणि मी?"

"तू ओरडत होतीस."

"ते रोज वाट बघतात, आत्या. तू संध्याकाळी जानकीपुरमला तुझ्या घरी निघून जातेस. ते फाटकात जाऊन उभे राहतात. सकाळी उठून रडतात आणि कशासाठी ते त्यांना माहीत नसतं."

"रडत नाहीत ते. देविका, सांग हिला."

आईने पदराने तोंड पुसलं. "ताई, ते रोज दोन कप चहा मागतात. एक तिच्यासाठी. रोज मी तो करते आणि रोज मोरीत ओतते." तिचा आवाज फुटला. "मला नाही जमत आता."

"आपने दादाजी से इतने दिन..." शर्मिष्ठा दादाकडे वळली. तिला जादूबिदू काही कळलं नव्हतं, नवरा खोटं बोलला एवढं मात्र नीट कळलं होतं. "मुझे बोला, दादाजी को मत बताना, डॉक्टर ने मना किया है!" दादाने डब्याकडे पाहिलं. डब्याला टेकलेले बाबा स्क्रीनवर गोठले होते. नेटवर्क गेलं होतं की हिंमत, ते दिसत नव्हतं.

"कोणी मला रिपोर्ट देईल का?" आबा म्हणाले.

नेत्रा त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"आबा, तुमची एक वस्तू माझ्याकडे आहे. तुम्हीच म्हणाला होतात, घेऊन जा. मी खेळता खेळता घेतली."

"जड आहे?"

"खूप."

"सकाळी वाईट वाटतं ते हिचंच?"

"हो."

आबांनी खिळ्याकडे पाहिलं.

"बाबा, नका," लतिका आत्या म्हणाली. एवढ्या मोठ्या बाईचा आवाज एकदम परकरातल्या मुलीसारखा झाला.

"लते, लहानपणी तू माझी सिगारेटची पाकिटं लपवायचीस, माझ्या भल्यासाठी. मी नाक्यावरून नवं आणायचो. हे कुठल्या नाक्यावर मिळेल?" ते नेत्राकडे वळले. "दे. आपलं सामान आपण उचलायचं असतं. आणि विनाकारण रडायला फार चमत्कारिक वाटतं गं. कारण असलं म्हणजे माणूस नीट रडतो."

नेत्रा पाळण्याशी गेली. बाळ जागं होतं, छताच्या कड्याकडे संशयाने बघत होतं. ती वाकली. "कुर्रर्र," ती म्हणाली, आणि सकाळपासून जे कोणाला सांगून झालं नव्हतं ते नाव तिने त्या इवल्याशा कानात सांगितलं. मृणाल. ते चिकटलं; बाळाने शिंक देऊन पोच दिली.

मग ती तशीच वाकून थांबली.

आबांचा धपाटा हलका होता. सुभेदार मेजरचा म्हणावा असा नव्हताच. हात पाठीवर आला आणि तिथेच राहिला. पंखा फिरत होता. रडणं आलं ते आवाज न करता आलं, आणि बराच वेळ राहिलं.

"मॅच हरलो होतो आपण," आबा म्हणाले.

दादाने कपाटातून फोटो काढून आणला. आबांनी तो त्याच्या हातून घेतला, बाहीने पुसला आणि स्वतः खिळ्याला लावला. वाकडा लागला, तो सरळ केला. मग मागे वळून त्यांनी घराकडे नजर टाकली, परेडवर टाकावी तशी. आई, दादा, लतिका आत्या, डब्याला टेकलेले बाबा.

"टोप्या काढा रे," ते म्हणाले. "थंडीसाठी विणल्या होत्या तिने. घामाने खराब करू नका."

आईने काढली. दादाने काढली. जोरहाटला चित्र हललं आणि बाबांनी काढली. लतिका आत्याच्या नाडीची गाठ बसली होती. ओढाओढीत ती आणखीच आवळत चालली होती. नेत्रा तिच्याजवळ गेली. गाठ बारीक होती, पाहायला वाकावं लागलं, आणि तिचं तोंड आत्याच्या कानाच्या अगदी जवळ आलं. तिचा श्वास आत्याच्या गालाला लागला असणार.

आत्याने डोळे मिटले. पण ती हलली नाही.

नेत्राने गाठ सोडली.